१ करिंथ १३ समजून घेताना या चुका टाळा

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा हा प्रीतीवरचा अध्याय बहुतेकांच्या कानावर पडतो तो लग्नाच्या उपासनेत. प्रेषित पौलाने मात्र तो कृपादानांवरून (पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्यांवरून) कुरघोडी करणाऱ्या करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिला. अध्यायांची आजची विभागणी थेट तेराव्या शतकातली; म्हणून १२:१ ते १४:४० एका बैठकीत वाचा. मग वचने ४ ते ७ मधली प्रीतीची वर्णने पत्रात मागे शोधा. 'हेवा' ३:३ मध्ये सापडतो, 'फुगणे' ४:६, ४:१८, ५:२ आणि ८:१ मध्ये. 'प्रीती फुगत नाही' हा नाव न घेता काढलेला चिमटा आहे.

'प्रीती असली की कृपादाने कशाला?' हा प्रश्नच चुकीचा. १४:१ एका दमात दोन्ही मागते. १२:८-१० मधल्या नऊ दानांत प्रीती नाही. १२:३१ तिला मार्ग म्हणते. अन्य भाषांनाही (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्यालाही) बंदी नाही, शिस्त आहे: दोघे, फार तर तिघे, पाळीपाळीने, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहायचे (१४:२७-२८).

'अगापे (इथला प्रीतीसाठीचा मूळ ग्रीक शब्द) म्हणजे निव्वळ दैवी प्रीती' हेही टिकत नाही. पौलाला सोडून गेलेल्या देमास या सोबत्याला जग प्रिय झाले (२ तीमथ्य ४:१०), तिथे क्रियापद त्याच धातूचे आहे. अर्थ संदर्भातून घ्या, शब्दकोशातून नव्हे.

१३:१० मधले 'पूर्ण' म्हणजे पूर्ण झालेले बायबल, असे काही जण शिकवतात. वचन १२ पुढे ठेवून पाहा: 'समोरासमोर' पाहणे, आणि देवाने आपल्याला ओळखले तसे ओळखणे. नवा करार हाती असूनही आपण तिथे पोचलेलो नाही. ख्रिस्ताच्या येण्याशी हे वर्णन जुळते.

सर्वांत घातक चूक वचन ७ ची. 'प्रीती सर्व काही सहन करते' असे सांगून मार खाणाऱ्या माणसाला घरी परत पाठवले जाते. त्याच्या आधीचेच वचन सांगते की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही. 'सहन करणे' हेच क्रियापद पौल ९:१२ मध्ये स्वतःबद्दल वापरतो: सुवार्तेला अडथळा नको म्हणून आपला हक्क त्याने आपणहून सोडला. दुसऱ्याच्या गळ्यात मारायची ही अट नव्हे. आणि पाचव्या अध्यायात उघड पाप करणाऱ्याला हाच पौल मंडळीबाहेर काढायला लावतो.