पन्नास ग्रॅमचे अठ्ठेचाळीस

अंबड एमआयडीसीत ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा वाटायचं, टायटॅनियमचा पार्ट करायचा तर पावडरही टायटॅनियमचीच लागणार. डब्यात निघालं टायटॅनियम हायड्राइड, करडं आणि ठिसूळ. "हे तर खडूसारखं फुटतं," मी म्हणालो. आमचे काका म्हणाले, "फुटतं म्हणूनच घेतलंय."

प्रेसखाली त्याचे कण फुटतात, चुरा फटींत जाऊन बसतो. पुढे व्हॅक्यूम फर्नेसमध्ये हायड्रोजन निघून जातो आणि उघडे पडलेले धातूचे स्वच्छ कण एकमेकांना धरतात. पार्ट भरपूर आकसतो, कारण हायड्राइडची घनता साधारण 3.75 ग्रॅम प्रति घन सेंमी आणि टायटॅनियमची 4.5. डाय, म्हणजे साचा, काढताना हे धरलं नाही तर सगळं मुसळ केरात.

पहिली बॅच मीच घालवली. प्रोग्रॅम लावला तो थेट 1250 अंशांवर, मध्ये कुठे थांबाच नाही. सकाळी दार उघडलं तर ट्रेमध्ये चिक्कीचे तुकडे! हायड्रोजनला बाहेर पडायला सवड मिळाली नव्हती.

तेव्हापासून तापमानाआधी व्हॅक्यूमचा गेज बघतो. चारशेच्या पुढे काटा चढायला लागतो, म्हणजे हायड्रोजन निघू लागला. तिथे तापवणं थांबवायचं. काटा उतरला की थोडं पुढे, पुन्हा चढला की पुन्हा थांबा. सातशे-आठशेपर्यंत हाच खेळ. काटा पूर्ण बसल्यावरच सिंटरिंगकडे, म्हणजे कण जोडणाऱ्या शेवटच्या तापवण्याकडे. घाई करणाऱ्याने हे काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

आणखी एक: पावडरजवळ कोरडी वाळू हवीच. पेटली तर पाणी मारायचं नाही, हे पहिल्या दिवशीच पाठ करा.

नीट निघालेल्या बॅचमधला 50 ग्रॅमचा तुकडा 48 भरला, तेव्हा मी ट्रेमध्ये सांडलेलं शोधत बसलो होतो. हायड्राइडमध्ये वजनाने 4 टक्के हायड्रोजनच असतो, हे परीक्षेत लिहून आलो होतो, पण वजनकाट्यावर ओळखलं नाही. तरी सगळा हायड्रोजन गेला का, यासाठी वजनकाट्यावर विसंबू नका. ग्रेड 2 ला, म्हणजे शुद्ध टायटॅनियमच्या एका दर्जाला, हायड्रोजनची मर्यादा 0.015 टक्के, म्हणजे या तुकड्यात जेमतेम 7 मिलिग्रॅम. आमचा वजनकाटा 10 मिलिग्रॅमच्या खाली बघतच नाही. पाण्यात तोलून घनता 4.42 आली, म्हणजे टायटॅनियमच्या पूर्ण घनतेच्या 98 टक्के, तरी सँपल लॅबला जातंच. रिपोर्ट येईपर्यंत बॅच हलत नाही, डिस्पॅचवाले दर तासाला येऊन उभे राहिले तरी.