ग्रेटेस्ट हिट्समधून जुनं संगीत ऐकताय? या चुका टाळा

जुन्या गायकाची किंवा बँडची ओळख करून घ्यायला ग्रेटेस्ट हिट्सचा अल्बम हा चांगला रस्ता आहे. ‘असले अल्बम काय, कुणीही ऐकतं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं अजिबात मनावर घेऊ नका. १९५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलसाठी तर हाच सर्वांत शहाणपणाचा रस्ता आहे. त्या काळी गाणी मुळात सुट्या सिंगलसाठीच (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी) रेकॉर्ड व्हायची आणि एलपी, म्हणजे अनेक गाण्यांची मोठी तबकडी, ही बहुतेकदा गाजलेल्या दोन-तीन गाण्यांभोवती केलेली भरती असायची. त्या काळचा गायक-गिटारवादक चक बेरी याचे सगळे एलपी शोधत बसण्यापेक्षा ‘द ग्रेट ट्वेंटी-एट’ हा १९८२ चा २८ गाण्यांचा संग्रह ऐकलेला कधीही बरा.

अडचण अल्बममध्ये नाही, ऐकण्याच्या पद्धतीत आहे. लोक हाताला लागेल तो संग्रह लावतात, अर्धवट ऐकतात आणि ‘जुन्या गाण्यांत काही दम नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. या निकालामागे बहुतेक वेळा पुढच्यापैकी एखादी चूक असते.

नाव तेच, गाणं तेच, पण रेकॉर्डिंग दुसरंच

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण ती झाल्याचं कळतच नाही.

पुन्हा चक बेरीच घ्या. १९५५ साली ‘मेबेलीन’ने त्याची सुरुवात झाली. लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) चेस, पियानोवर जॉनी जॉन्सन, बासवर विली डिक्सन. गिटारचा आवाज थोडा फाटलेला, सगळे वादक एकाच खोलीत दाटीने उभे असावेत असा. १९६० च्या दशकात बेरी मर्क्युरी या लेबलकडे गेला. जुनी रेकॉर्डिंग्ज चेसच्या मालकीची, त्यामुळे मर्क्युरीने तीच गाणी त्याच्याकडून पुन्हा गाऊन घेतली आणि १९६७ मध्ये ‘गोल्डन हिट्स’ नावाने अल्बम काढला. गायक तोच, गाणीही तीच. पण ज्या झटक्यावर पुढची सगळी गिटारवादकांची पिढी वाढली, तो झटका त्यात नाही. नवखा माणूस ‘गोल्डन हिट्स’ हे नाव पाहून तेच लावतो. चार गाणी ऐकून त्याला प्रश्न पडतो, की यात लोकांना वेड लावण्यासारखं होतं तरी काय? प्रश्न रास्त आहे, फक्त ज्या रेकॉर्डिंगने वेड लावलं ते त्याने ऐकलेलंच नसतं.

हे एकट्या बेरीचं नाही. लिटल रिचर्डने स्पेशॅल्टी लेबलवरची आपली गाणी १९६० च्या दशकात व्ही-जे लेबलसाठी पुन्हा गायली. एव्हर्ली ब्रदर्सनी कॅडेन्स सोडून वॉर्नर गाठल्यावर तेच केलं. रॉय ऑर्बिसनचा १९८७ चा ‘इन ड्रीम्स : द ग्रेटेस्ट हिट्स’ हा अल्बम नव्याने गायलेल्या गाण्यांचा आहे, मूळ गाणी बहुतेक मोन्युमेंट लेबलवरची. पिंक फ्लॉइडच्या १९८१ च्या संग्रहात ‘मनी’ हे गाणं हक्कांच्या भांडणामुळे बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरने जवळजवळ एकट्याने नव्याने वाजवून भरलं. आणि द पोलीसच्या १९८६ च्या सिंगल्स संग्रहात ‘डोंट स्टँड सो क्लोज टू मी’च्या मूळ रेकॉर्डिंगच्या जागी त्याच वर्षी केलेली नवी, संथ आवृत्ती घातली.

हे टाळायला दोन मिनिटं पुरतात. संग्रह लावण्याआधी एवढं तपासा :

१. गायकाचं मूळ लेबल कोणतं होतं ते शोधा आणि संग्रहावरच्या लेबलशी जुळवा. लेबल वेगळं असेल तर मूळ हक्क त्या कंपनीकडे आले आहेत का, ते बघा. आले नसतील तर गाणं पुन्हा गायलेलं असण्याची शक्यता मोठी.

२. वर्तुळातलं ‘पी’ अक्षर आणि त्यापुढचं साल वाचा. ते ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं. वर्तुळातलं ‘सी’ हे मुखपृष्ठ आणि छापील मजकुराचं, त्याचा इथे उपयोग नाही. फक्त ‘पी’पुढे कधीकधी संग्रहाचंच साल घातलेलं असतं, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

३. गाण्याची लांबी मूळ सिंगलशी ताडून पाहा. चार-पाच सेकंदांचा फरक चालतो. पंधरा-वीस सेकंदांचा असेल तर एक तर रेकॉर्डिंग वेगळं आहे किंवा कात्री लागली आहे.

४. बारीक अक्षरं वाचा. ‘ओरिजिनल आर्टिस्ट’ म्हणजे गायक मूळ आहे, एवढंच. ‘ओरिजिनल रेकॉर्डिंग’ असं लिहिलंय का, ते पाहायचं.

५. कानाने पाहा. स्टिरिओ एलपी बाजारात आले १९५८ मध्ये. १९५५-५६ चं रॉक अँड रोल गाणं जर स्वच्छ, ऐसपैस स्टिरिओत वाजत असेल, ड्रम एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला, तर शंका घ्याच. आता मोनो (दोन्ही बाजूंनी एकच आवाज येणारं) रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने फोडूनही स्टिरिओ करतात, म्हणून हा पुरावा नाही. पण लेबल आणि लांबी तपासायला भाग पाडणारी खूण नक्कीच आहे.

शितावरून भाताची परीक्षा, पण शीत निवडलं कुणी?

दुसरी मोठी चूक म्हणजे हिट्स ऐकले की कलाकार कळला, असं धरून चालणं. संग्रह कुणीतरी, कशासाठी तरी निवडलेला असतो.

बॉब मार्लीचा ‘लेजंड’ घ्या. मार्ली १९८१ मध्ये गेला, ‘लेजंड’ आला १९८४ मध्ये. जगात असंख्य लोकांना रेगे, म्हणजे जमैकातलं हे संगीत, म्हटलं की हाच एक अल्बम माहीत आहे. मूळ एलपीवर १४ गाणी आहेत. ती कुठून आली ते मांडून पाहा. १९७७ च्या ‘एक्झोडस’मधून तब्बल ५. ‘काया’, ‘अपरायझिंग’ आणि ‘बर्निन’ या तिन्हींतून २-२. ‘कॅच अ फायर’मधून १, मृत्यूनंतर आलेल्या ‘कन्फ्रंटेशन’मधून १ आणि १९७५ च्या लंडनमधल्या कार्यक्रमाचं ‘नो वुमन, नो क्राय’. म्हणजे हे सर्वांत गाजलेलं गाणं इथे स्टुडिओतलं नाही, मैफिलीतलं आहे, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

आता शून्य कुठे आहे ते बघा. १९७६ चा ‘रास्तामॅन व्हायब्रेशन’ : शून्य. १९७९ चा ‘सर्व्हायव्हल’ : शून्य. पहिल्यात ‘वॉर’ आहे. त्याचे शब्द इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याने १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातून घेतलेले आहेत. दुसऱ्यात ‘झिम्बाब्वे’ आहे, आणि एप्रिल १९८० मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात गायला मार्लीला बोलावलं होतं. एक देश जन्माला येत असताना जो माणूस तिथे गात होता, तो ‘लेजंड’मध्ये सापडत नाही. ‘गेट अप, स्टँड अप’ आहे, ‘आय शॉट द शेरिफ’ आहे, नाही असं नाही. पण तराजू प्रेमाच्या आणि दिलाशाच्या गाण्यांकडे झुकलेला आहे. अल्बम सुंदरच आहे. फक्त तो ऐकून ‘मार्ली म्हणजे निवांत समुद्रकिनाऱ्याची गाणी’ असं कुणी म्हणालं की वाईट वाटतं.

यावर उपाय कागद-पेन्सिलीचा आहे, आणि तो कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. तीन रकाने आखा : गाणं, मूळ साल, मूळ अल्बम. ॲपमध्ये गाण्याखाली दिसणारं साल बहुधा संग्रहाचं किंवा रीमास्टरचं (जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज नव्याने सुधारून काढलेल्या आवृत्तीचं) असतं, ते उतरवू नका; कलाकाराच्या मूळ अल्बमच्या यादीतून साल घ्या. रकाने भरले की दोन गोष्टी आपोआप दिसतात. ज्या अल्बममधून सर्वांत जास्त गाणी आली, तो पहिल्यांदा पूर्ण ऐका, कारण तिथलं निम्मं घर ओळखीचं आहे. त्यानंतर ज्यातून एकही आलं नाही, त्यांतला एक निवडा. मार्लीच्या बाबतीत आधी ‘एक्झोडस’, मग ‘सर्व्हायव्हल’. या दुसऱ्या अल्बमवर बहुतेक जण कधी पोचतच नाहीत.

निवडीचा नियम काय होता, हेही विचारा. बीटल्सचा २००० सालचा ‘१’ हा संग्रह ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या २७ गाण्यांचा आहे. नियम साफ आहे, पण त्याचा परिणाम पाहा. ‘पेनी लेन’ आत आलं आणि त्याच सिंगलची दुसरी बाजू असलेलं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ बाहेर राहिलं. ‘रबर सोल’, ‘सार्जंट पेपर’ आणि पांढऱ्या मुखपृष्ठाचा दुहेरी अल्बम, या तिन्हींतून एकही गाणं नाही. बीटल्ससाठी १९७३ चे लाल आणि निळा हे दोन संग्रहच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. लाल १९६२ ते १९६६, निळा १९६७ ते १९७०. गाणी साधारण काळाच्या क्रमाने येतात आणि अल्बममधली गाणीही त्यांत आहेत.

कव्हरवरची सालं न वाचणं

ईगल्सचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ हा अमेरिकेत सर्वाधिक विकल्या गेलेल्या अल्बमांपैकी एक. त्यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सापडत नाही म्हणून लोक वैतागतात. संग्रह आला फेब्रुवारी १९७६ मध्ये, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. नावातच १९७१–१९७५ लिहिलं आहे.

लांब गाणी बांधणाऱ्यांना हिट्समध्ये शोधणं

काही बँडच्या बाबतीत संग्रह हे चुकीचंच हत्यार आहे. पिंक फ्लॉइडच्या २००१ च्या ‘इकोज’मध्ये खुद्द ‘इकोज’ हे साडेतेवीस मिनिटांचं गाणं सुमारे सात मिनिटांनी कापलेलं आहे. गाणी एकमेकांत मिसळली आहेत आणि क्रम काळाचा नाही. अशा बँडचा एखादा मूळ अल्बम सरळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर तो असेल त्या दिवशी ऐका. कात्रीचा हा प्रकार इतरत्रही आहेच : क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या ‘क्रॉनिकल’मध्ये साडेआठ मिनिटांचं ‘सुझी क्यू’ जवळजवळ निम्म्यावर आणलं आहे. मात्र हा बँड मुळात सिंगल्सचा, त्यामुळे २० गाण्यांचा तो संग्रह तरीही डोळे मिटून घ्यावा.

क्रम दिला तसाच ऐकणं

क्वीनचा १९८१ चा ब्रिटनमधला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ सुरू होतो १९७५ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने, मग १९८० चं गाणं, मग १९७४ चं. ऐकायला मजा येते, पण बँड कसा बदलला ते कळत नाही. सालाप्रमाणे यादी लावून एकदा ऐका. १९७० च्या दशकातले थरावर थर चढवलेले गिटार आणि आवाज, आणि १९८० च्या ‘द गेम’पासून आलेला सिंथेसायझर, ही सांधेजोड लगेच ऐकू येते. क्वीनच्या पहिल्या अल्बममधलं गाणं या संग्रहात नाहीच, तेवढं स्वतः जोडून घ्या. दुसऱ्या देशांतल्या आवृत्तींत गाणी वेगळी आहेत, तेव्हा यादी करताना आवृत्ती कुठली ते लिहून ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. शफल बंद ठेवा. पहिल्याच भेटीत तीन सीडींचा, साठ गाण्यांचा संच घेऊ नका, १२ ते २० गाणी पुष्कळ झाली. ॲपने आपोआप बनवलेली ‘लोकप्रिय गाणी’ ही यादी आज काय वाजतंय ते सांगते, तो संग्रह नव्हे. संग्रहातलं नवं गाणं बहुधा भरतीचं असतं, पण न ऐकता टाळू नका : टॉम पेटीच्या १९९३ च्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधलं ‘मेरी जेन्स लास्ट डान्स’ त्या संग्रहासाठीच आलं आणि त्याच्या उत्तम गाण्यांत गणलं गेलं. आणि एकदाच ऐकून मत देऊ नका. तीन वेगळ्या दिवशी तीनदा ऐका, दरम्यान दुसरा कुठलाही जुना कलाकार सुरू करू नका. आठवड्यात दहा दिग्गज ‘उरकणाऱ्यांच्या’ हाती शेवटी एकही लागत नाही.

आवाजाच्या दोन गोष्टी

जुनं आणि रीमास्टर यांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. रीमास्टर बरेचदा नुसतंच मोठ्याने वाजतं आणि मोठा आवाज कानाला आधी चांगला वाटतो. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाची पातळी समान ठेवण्याचा पर्याय असतो, तो सुरू करा आणि मग ठरवा. पुष्कळदा जुनीच आवृत्ती जास्त मोकळी वाटते, कारण तिच्यात हळू आणि जोरकस जागांमधला फरक शिल्लक असतो.

दुसरी गोष्ट, एकच इअरबड कानात घालून १९६० च्या दशकातली गाणी ऐकणं. तेव्हाच्या कित्येक स्टिरिओ मिश्रणांत गायन एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला टाकलेली असत. एका कानाने ऐकलं तर गायकच गायब होतो, आणि दोन्ही लावले तरी डोकं दुभंगल्यासारखं वाटतं. मोनो आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली मोनो ऑडिओ असतो, तो चालू करा. आणि १९७० च्या पुढच्या गाण्यांकडे वळलात की आठवणीने बंद करा, नाहीतर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मधल्या ऑपेरात डावीकडून उजवीकडे फिरणारे आवाज सगळे मधोमध गोळा होतात.