जुन्या फोटोंतून गावाचा इतिहास कसा गोळा करायचा

लहान गावाचा इतिहास बहुतेक वेळा कुणी लिहिलेलाच नसतो, तो लोकांच्या ट्रंकेत नि कपाटाच्या तळाशी पडलेल्या फोटोंत असतो आणि ते फोटो ओळखणारी माणसं मात्र कमी होत चाललीयत. म्हणून स्कॅनर नंतर, आधी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसा.

फोटो त्यांच्या हातात द्या, विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, आणि नुसतं "हे कोण?" विचारू नका. "फोटो काढणारा कुठं उभा होता?", "मागची भिंत कुणाची?" असं विचारलं की माणूस खुलतो. नावं डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे, तिथंच लिहा. दोघांनी वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहायची, कुणी सांगितलं तेही, निकाल आपण लावायचा नाही.

मग भिंग घ्या आणि माणसं सोडून मागचं बघा, मला तर खरा खजिना तिथंच वाटतो. विजेचा खांब, छप्पर, मातीचा रस्ता. एकाच जागेच्या दोन फोटोंत एकात खांब नाही नि दुसऱ्यात आहे, आणि तिथं वीज कधी आली याची नोंद सापडली, की कुठला फोटो आधीचा नि कुठला नंतरचा ते कळतं.

फोटोच्या प्रकारावरूनही काळ कळतो. जाड पुठ्ठ्यावरचा, साधारण ६ बाय १० सेंटीमीटरचा फोटो म्हणजे कार्त द व्हिझिट, त्याचं पेटंट १८५४ चं. टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो, असेल तर त्याला लोहचुंबक चिकटतो. कोडॅकचा स्वस्त ब्राउनी कॅमेरा १९०० ला आला, घरगुती फोटो त्यानंतर खूप वाढले. पण सांभाळून हां, जुन्या फोटोची नंतर काढलेली कॉपीही असू शकते, कागद नवा नि चित्र जुनं.

स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), टिफ फाईलमध्ये (सेव्ह करताना फोटोचा दर्जा घटत नाही अशी), आणि मागची बाजूसुद्धा, कारण तारीख नि स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. मागे बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिलनं कडेला हलकं लिहा. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करा. एआयनं चेहरे 'साफ' करून ती फाईल मूळ म्हणून ठेवू नका प्लीज, ते नाकडोळे मनानं भरतं. आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत.

शेवटी प्रिंट घेऊन त्याच जागी जा, भिंतीचा कोपरा किंवा मागची डोंगररांग जुळेपर्यंत मागेपुढे सरका, आणि आजचा फोटो काढून जुन्याशेजारी तारखेसकट ठेवा.