पी५३चा पहिला ब्लॉट लावण्याआधी

पी५३ हे गाठ (ट्यूमर) रोखणारं प्रथिन. ते पेशीत किती आहे हे बघायची रीत म्हणजे वेस्टर्न ब्लॉट: पेशी फोडून त्यांतली प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करायची, तिथून पडद्यावर घ्यायची (हा ट्रान्सफर), आणि हवं ते प्रथिन धरणाऱ्या अँटिबॉडीनं त्याची रेघ उमटवायची. प्रोजेक्टला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "अँटिबॉडी कुठली मागवू?" हा प्रश्न खरं तर तिसरा. पहिला प्रश्न असा, की ज्यांच्यात पी५३ अजिबात नाही अशा पेशी तुमच्याकडे आहेत का? दुसरा, ज्यांच्यात तो नक्की आहे अशा आहेत का? अँटिबॉडी काही ना काही धरणारच, ते तिचं कामच आहे. तिनं धरलेलं पी५३च आहे हे या दोन पेशींवाचून कळत नाही. म्हणून महिनाभर आधीची तयारी फ्रीजरमधून नव्हे, इन्क्युबेटरमधून सुरू होते.

पी५३ नसलेल्या पेशींसाठी फुप्फुसाच्या कर्करोगातल्या एच-१२९९ किंवा हाडाच्या कर्करोगातल्या साओस-२ घ्या. त्यांच्यात हे जनुक गळालेलं आहे. असलेल्यांसाठी एमसीएफ-७ किंवा ए-५४९. हात सढळ असेल तर आतड्याच्या एचसीटी-११६ची जोडी मिळवा: मूळ पेशी, आणि १९९८ साली जॉन्स हॉपकिन्सला बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत जनुक काढून केलेल्या त्याच पेशी. दोघींत फरक एका जनुकाचा, म्हणून तुलना स्वच्छ. नेहमीच्या सेल लाइन्ससाठी (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या जाती) पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) पेशीसंग्रहाकडे चौकशी करा, पण अर्ज लवकर टाका. शेजारच्या लॅबमधून आणलेला फ्लास्क फुकट असतो हे खरं, पण त्यावर नाव कुणी आणि कधी लिहिलं ते त्यालाच माहीत. एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) आणि मायकोप्लाझ्मा या छुप्या जिवाणूची चाचणी झालेली असू द्या.

हेला पेशी मात्र यासाठी काढू नका. मी एमएस्सीला असताना नेमक्या त्याच वापरल्या, कारण त्या कायम हाताशी असत आणि त्यांतलं पी५३चं जनुक धडधाकट आहे असं वाचलं होतं. तीन आठवडे पडदा कोरा. अँटिबॉडी बदलली, बफर बदलला, शेवटी ट्रान्सफरचं मशिन बदलायची भाषा सुरू झाली. जनुक धडधाकट आहेच, पण या पेशींत एचपीव्ही-१८ विषाणूचं ई-६ प्रथिन आहे आणि ते तयार झालेला पी५३ लगेच मोडीत काढायला लावतं. जनुक असणं आणि प्रथिन असणं यांतलं अंतर मला असं महागात पडून कळलं.

तसा निरोगी पेशीतही पी५३ फार काळ टिकत नाही. वीसेक मिनिटांत निम्मा संपतो, कारण एमडीएम-२ हे प्रथिन त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारतं आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचा चुरा करतं. त्यामुळे न छेडलेल्या एमसीएफ-७ची रेघ पुसटच येणार. औषध आधीच आणून ठेवा: एमडीएम-२ला अडवणारं नटलिन-३, साधारण १० मायक्रोमोलर, रात्रभर, किंवा डीएनएला इजा करणारं डॉक्सोरुबिसिन. नटलिन डीएमएसओ या द्रावकात विरघळतं, म्हणून नुसतं डीएमएसओ घातलेली एक प्लेट हवीच. साक्षीदार म्हणून पी२१ या प्रथिनाची अँटिबॉडीही मागवा. पी५३ वाढला आणि तो कामाचा असेल तर पी२१ वर चढतं.

इथे नवख्याची हमखास फसगत होते. ठळक रेघ म्हणजे पी५३ची तब्येत छान, असं वाटतं. पुष्कळदा उलटंच असतं. एसके-बीआर-३ या स्तनाच्या कर्करोगातल्या पेशींत १७५व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आहे. तो पी५३ बिघडलेला, आणि बिघडलेला म्हणूनच साचून राहतो. औषध न घालताही रेघ काळीकुट्ट. १९७९ साली हे प्रथिन सापडलं तेव्हा ते कर्करोग घडवणारं आहे असाच समज झाला. सुरुवातीला हाती लागलेल्या जनुकाच्या प्रती बिघडलेल्या होत्या, आणि ते गाठ रोखणारं आहे हे मान्य व्हायला १९८९ उजाडलं. दहा वर्षं चांगल्या चांगल्या लोकांना फसवलेल्या प्रथिनाशी गाठ आहे, तेव्हा एसके-बीआर-३ची एक लेन (जेलमधली एका नमुन्याची उभी ओळ) ठेवाच.

आता अँटिबॉडी. माणसाच्या पेशींवर ब्लॉट करायचा तर डीओ-१ हे उंदरात बनवलेलं मोनोक्लोनल (एकाच ठराविक जागी चिकटणारं) बहुतेक लॅबमध्ये असतं. ते पी५३च्या सुरुवातीच्या टोकापाशी, २०व्या ते २५व्या अमिनो आम्लाच्या आसपास चिकटतं. याचे दोन अर्थ. उंदराचा पी५३ त्याला दिसत नाही, आणि ज्या आखूड रूपांत हे टोकच नाही तीही दिसत नाहीत. माहितीपत्रकात 'ब्लॉटसाठी' असं लिहिलंय का ते पाहा. पीएबी-१६२० हे मोनोक्लोनल नीट घडी असलेला पी५३ ओळखतं आणि पीएबी-२४० घडी मोडलेला, पण एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळल्यावर सगळ्यांचीच घडी मोडते. तिथे पहिलं आंधळं होतं आणि दुसऱ्याला सगळे सारखेच दिसतात. सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला धरून रेघ दाखवणारी दुसरी, अर्थातच उंदराविरुद्धची. पुढे इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीनं द्रावणातून पी५३ खाली ओढणं) करायचं मनात असेल तर सशाची एक अँटिबॉडीही आत्ताच मागवा. खाली ओढायला आणि ब्लॉटला दोन्हीकडे उंदराची वापरलीत तर अँटिबॉडीचीच जड साखळी पन्नासेक किलोडाल्टनवर येऊन बसते आणि पी५३ तिच्याखाली झाकला जातो.

पार्सल आलं की लॉट नंबर वहीत. मग छोटे छोटे वाटे करून ठेवा, म्हणजे दर वेळी सगळी बाटली वितळवावी लागत नाही; ग्लिसरॉलमधली असेल तर पत्रकात सांगितल्याप्रमाणे. अँटिबॉडीचं उरलेलं द्रावण पुन्हा वापरायचं म्हणून ते खराब होऊ नये यासाठी सोडियम अझाइड घालायची सवय असते. सेकंडरीच्या द्रावणात ते चुकूनही जाऊ देऊ नका, तिला जोडलेलं, रेघ उमटवणारं एचआरपी हे एन्झाइम बंद पडतं.

आदल्या दिवशी पेशी फोडायचा रिपा बफर, बर्फ, थंड केलेलं सेंट्रिफ्यूज. प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, म्हणून ते पेशी फोडायच्या क्षणी घालायचं. फॉस्फोरिलेशन (प्रथिनाला फॉस्फेट लागणं) बघायचं असेल तर ते फॉस्फेट टिकवायला व्हॅनाडेट आणि फ्लोराइडही. प्रोटीन मोजायला बीसीए चाचणी. साध्या ब्रॅडफर्ड चाचणीला डिटर्जंट सोसत नाही. लेनला २० ते ३० मायक्रोग्रॅम, जेल १० टक्के. ब्लॉकिंगला (पडद्याच्या मोकळ्या जागा झाकायला) साय काढलेल्या दुधाची पावडर चालते, किराणा दुकानातलं डेअरी व्हाइटनर नाही, त्यात साखर असते. सेरिन-१५वर फॉस्फेट लागलेला पी५३ ओळखणाऱ्या अँटिबॉडीसाठी दूध नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, कारण दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटनं भरलेलं असतं. रात्रभराचा ट्रान्सफर लावणार असाल तर तो पॉइंट यूपीएसवर आहे ना ते आधी बघा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती नेमकी पहाटे.

आणि ५३ या आकड्यावर विसंबू नका. ३९३ अमिनो आम्लांच्या या साखळीचं वजन ४४ किलोडाल्टनच्याही किंचित खाली भरतं; प्रोलिननं भरलेल्या भागामुळे ती जेलमध्ये रेंगाळते आणि ५३पाशी थांबते. नाव पडलं ते त्या रेंगाळण्यावरून. म्हणून मार्कर (माहीत वजनाच्या प्रथिनांचं मिश्रण) दोन्ही कडांना लावा आणि पडदा अरुंद पट्ट्यांत कापू नका. वरखालच्या नको त्या रेघाही दिसायला हव्यात, पुढे जर्नल अख्खा फोटो मागतंच.

लेनचा क्रम जेल ओतण्याआधी वहीत लिहा: मार्कर, एच-१२९९ डीएमएसओ, एच-१२९९ नटलिन, एक लेन नुसत्या सॅम्पल बफरची, एमसीएफ-७ डीएमएसओ, एमसीएफ-७ नटलिन, एसके-बीआर-३, मग तुमचे नमुने, शेवटी पुन्हा मार्कर. प्रत्येकीपुढे पेन्सिलनं अपेक्षाही लिहा: कोरी, कोरी, कोरी, पुसट, ठळक, काळी. त्याच नमुन्यांचा दुसरा छोटा पडदा फक्त सेकंडरीसाठी ठेवा. फोटो आल्यावर आधी एच-१२९९ बघा. तिथे ५३पाशी रेघ असेल तर तुमच्या नमुन्यांवरून काहीच ठरवू नका. बफरच्या लेनमध्येही रेघ आहे का? असेल तर लोड करताना सांडलंय. नसेल तर सेकंडरीचा पडदा बघा. तोही कोरा असेल तर फ्लास्कवरचं नाव खोटं असायची शक्यता मोठी आहे, त्या पेशी एसटीआरला पाठवा.