आशियातली देखणी ग्रंथालयं बघायला जाताय? आधी दार कधी उघडतं ते बघा

ग्रंथालय बघायला जाणं म्हणजे किल्ला बघायला जाणं नव्हे. ग्रंथालय ही चालती कचेरी असते. तिला सुट्ट्या असतात, सभासद असतात, नियम असतात, आणि तुम्ही हजारो किलोमीटरवरून आलात याचं तिथल्या काउंटरला काही सोयरसुतक नसतं. मी बरीच वर्षं सुट्टी मिळाली की आशियातली ग्रंथालयं बघत फिरतोय. फोटो डकवून खाली 'नक्की भेट द्या' लिहिणाऱ्या याद्या वाचून आता डोकं उठतं, म्हणून हे लिहायला बसलो. व्हिसा, तिकीट, हॉटेल तुमचं तुम्ही बघालच.

आधी यादी छाटा

त्या याद्यांमध्ये अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय हमखास असतं. ते इजिप्तमध्ये, म्हणजे आफ्रिकेत आहे. खोडा. उरलेल्यांचे चार ढीग करा: शहराची सार्वजनिक ग्रंथालयं, विद्यापीठांची, जुनी पोथ्यांची भांडारं आणि मॉलमधली. ही वाटणी दारावरून केली आहे, कारण चौघांचं दार वेगवेगळ्या किल्लीनं उघडतं.

एका फेरीत एकच देश, आणि तिथली तीन ग्रंथालयं पुष्कळ झाली. पहिल्यांदाच निघाला असाल तर जपान. तिथलंही एकच बघणार असाल तर सेंदाई शहरातलं मीडियाथेक.

दार

सगळी गोम इथे आहे. मी दोनदा तोंडावर आपटलोय.

पहिल्या वेळी जपानमधलं एक शहर होतं. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं बहुधा सोमवारी बंद असतात एवढं मला ठाऊक होतं, म्हणून शहाण्यासारखा मंगळवार धरला. तीन तासांचा रेल्वेप्रवास करून पोचलो, तर काचेच्या दारावर कागद चिकटवलेला आणि आत अंधार. एक आजोबा सायकलवरून आले, भिंतीतल्या फटीतून दोन पुस्तकं परत टाकली, माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले. बंद. झालं होतं असं की आदल्या सोमवारी सरकारी सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी लोकांना वाचायला यायचं असतं, म्हणून ग्रंथालय सोमवारी उघडं ठेवलं होतं आणि त्याची रजा मंगळवारी दिली होती.

हे अपवादानं घडत नाही. जपाननं काही सुट्ट्या मुद्दाम सोमवारी आणून बसवल्या आहेत: जानेवारीतला दुसरा सोमवार, जुलैतला तिसरा, सप्टेंबरमधला तिसरा आणि ऑक्टोबरमधला दुसरा. शिवाय एखादी सुट्टी रविवारी आली की तिची भरपाई पुढे, बहुतेक वेळा सोमवारीच, मिळते. या प्रत्येक सोमवारनंतरचा मंगळवार संशयित समजा.

दुसऱ्या वेळी वार बरोबर होता, सुट्टीही नव्हती, तरी दार बंद. जपानमध्ये अनेक ग्रंथालयं महिन्यातून एक दिवस फक्त पुस्तकं लावायला बंद ठेवतात, आणि वर्षातून एकदा ग्रंथमोजणीसाठी सलग काही दिवस. हा दिवस फोनवरच्या नकाशाला कळत नाही. नकाशा छातीठोकपणे 'उघडं आहे' सांगत असतो आणि तुम्ही पायरीवर बसलेले असता. म्हणून नकाशातल्या वेळांवर अजिबात विसंबू नका. ग्रंथालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा आणि महिन्याचं कॅलेंडर शोधा. बंद दिवसाला तिथे 'क्यूकान्बी' म्हणतात. पान जपानीत असलं तरी रंगवलेल्या तारखा वाचायला जपानी लागत नाही. मी आता आधी हे कॅलेंडर उघडतो आणि मगच विमानाचं तिकीट बघतो. उलट क्रमानं केलंत तर रडायला माझ्याकडे येऊ नका.

विद्यापीठांची गोष्ट आणखी निराळी. तोक्योजवळच्या तामा कला विद्यापीठाचं ग्रंथालय (वास्तुकार तोयो इतो, २००७) आणि मुसाशिनो कला विद्यापीठाचं (सोउ फुजिमोतो, २०१०) बघायला जगभरचे लोक येतात. पण ती विद्यार्थ्यांसाठी आहेत. 'मी फक्त पाच मिनिटं डोकावतो' म्हणत फाटकावर उभं राहणं हा पोरखेळ झाला. बाहेरच्यांसाठीचे नियम काय आहेत ते वाचा आणि काही आठवडे आधी ईमेल करा. चार ओळी पुरतात: नाव, तारीख, वेळ, आणि इमारत बघायची आहे हे सरळ कारण. संशोधक असल्याची थाप मारू नका. नकार आला तर आला. प्रवेशपरीक्षांच्या हंगामात तर विचारूच नका. अकिताच्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठातलं नाकाजिमा ग्रंथालय 'चोवीस तास, ३६५ दिवस उघडं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते तिथल्या विद्यार्थ्यांपुरतं खरं आहे, पाहुण्यांच्या वेळा वेगळ्या असतात. मध्यरात्री जाऊ नका.

चीनमध्ये अडचण नोंदणीची. गाजलेल्या ठिकाणी मोबाइलवरून नावानिशी वेळ घ्यावी लागते, आणि तो अर्ज बऱ्याचदा स्थानिक फोन नंबर मागतो. पासपोर्टचा क्रमांक कुठल्या रकान्यात भरायचा यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे. यावर माझा उपाय एकच: हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसाला हात जोडून सांगायचं. तो दोन मिनिटांत करून देतो. मूळ पासपोर्ट खिशात हवा, झेरॉक्स चालत नाही. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा पूर्ण टाळा, त्या दिवसांत अख्खा देश फिरायला निघालेला असतो. आणि बेइदायहच्या किनाऱ्यावरचं ते 'एकाकी' ग्रंथालय, २०१५ सालचं, वाळूत एकटं उभं असलेलं करडं काँक्रीट, ते फक्त फोटोत एकाकी आहे. ते एका पर्यटन वसाहतीचा भाग आहे. वेळ आधी घेतल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

राहिली जुनी भांडारं. तिथे 'आत जाणं' या शब्दाचा अर्थच बदलतो. दक्षिण कोरियातल्या हेइन्सा मठात बौद्ध ग्रंथांचे ८१ हजारांहून जास्त लाकडी छपाईचे ठसे आहेत, तेराव्या शतकात कोरलेले. एरवी जाणाऱ्याला ते खिडकीच्या गजांमधूनच दिसतात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी माणूस जरा हक्कानंच शिरतो, दुसऱ्या सरफोजीराजांनी ते नावारूपाला आणलं म्हणून. पण पाहुण्याला दिसतं ते संग्रहालयाचं दालन. पोथ्यांची कपाटं आणि मोडीतली दप्तरं बघायची तर अभ्यासाचं कारण आणि पत्र लागतं. हे माहीत असूनही जा. फक्त दालन बघून 'एवढंच?' असं म्हणू नका.

मॉलमधल्यांना दारच नसतं. सोलच्या कोएक्स मॉलमधलं स्टारफील्ड (२०१७), तेरा मीटर उंच कपाटांचं, मॉल चालू तर चालू. म्हणून ते सोमवारसाठी राखून ठेवा. तैपेईतलं बेइतो शाखा ग्रंथालयही सोपं. २००६ सालचं, लाकडी, बागेतल्या झाडांत दडलेलं, छतावरच्या पावसाच्या पाण्यावर संडास चालवणारं. शिनबेइतो स्थानकावर उतरून चालत जायचं.

वेळ

आठवड्यातला मधला वार, दार उघडताना. संपलं.

एकच अपवाद, जपानमधल्या कानाझावाचं उमिमिराई ग्रंथालय (२०११). वाचनदालन पंचेचाळीस मीटर लांब, तितकंच रुंद आणि बारा मीटर उंच, आणि भिंतींना सुमारे सहा हजार गोल भोकं. दिवसा आतला उजेड दुधासारखा सगळीकडे सारखा पसरलेला असतो, कुठल्याच पुस्तकावर ऊन पडत नाही. तिन्हीसांजेला बाहेर या, मग तीच भोकं उलट बाजूनं उजळतात. इथे दुपारी जा आणि अंधार पडेपर्यंत थांबा.

आत गेल्यावर

बॅग लॉकरमध्ये. कॅमेरा बाहेर काढण्याआधी काउंटरवर विचारा. जपानमध्ये काही ठिकाणी फॉर्म भरून घेतात आणि फोटो काढणाऱ्याला ओळखपट्टी देतात. ती लावायला लाजू नका, वाचणाऱ्यांच्या कपाळावरची आठी तिच्यामुळे जाते. वाचकांचे चेहरे टिपू नका.

मग खुर्ची शोधा आणि तासभर बसा. याबाबतीत मी हट्टी आहे. कळत नसलेल्या भाषेतलं चित्रांचं पुस्तक घ्या, पण बसा. ग्रंथालय बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायचं असतं. उभ्यानं दिसते ती फक्त फोटोतली इमारत.

सेंदाईत बसलात की तेरा नळकांडी दिसतील, पांढऱ्या पोलादी नळ्यांची, थोडी वाकडी, पाणवनस्पतीसारखी खालपासून वरपर्यंत गेलेली. सातही मजले त्यांनीच तोललेत. कुणाच्या पोटात जिना आहे, कुणाच्या लिफ्ट, कुणातून नुसता उजेड उतरतो. इमारत तोयो इतोची, जानेवारी २००१ मध्ये उघडलेली. ११ मार्च २०११ च्या भूकंपात वरच्या मजल्याचं छत निखळलं, पण सांगाडा टिकला आणि मे महिन्यात काही मजले पुन्हा खुले झाले. मी एका नळकांड्याशेजारी बसलो होतो. आतून लिफ्ट वर जाताना काचेपलीकडे तिची सावली सरकायची, आणि समोरचा शाळकरी मुलगा दर वेळी गणितातून मान वर करायचा.

चीनमधल्या तियानजिनच्या बिनहाई ग्रंथालयात (२०१७) मधोमध तो प्रचंड पांढरा गोळा आणि भोवती लाटांसारखी चढत जाणारी कपाटं. जवळ जाऊन वर बघा. वरच्या फळ्यांवरची पुस्तकं पुस्तकं नाहीत, भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर छापलेली चित्रं आहेत. पहिल्या आराखड्यापासून उद्घाटनापर्यंत तीनच वर्षं मिळाली आणि त्या घाईत वरच्या फळ्यांपर्यंत मागून पोचायची सोयच गळाली. लोक याला फसवणूक म्हणून निघून जातात. मी म्हणतो, पत्रा बघा, हात लागेल तिथली खरी पुस्तकंही बघा, आणि मग बाजूच्या खोल्यांत जा. वाचणारे तिथे बसलेले असतात.

जुन्या ठिकाणी बसायला खुर्ची मिळत नाही, तिथे एकच प्रश्न विचारत फिरा: पुस्तकांचा शत्रू कोण होता? चीनमधल्या निंगबोचं थ्येनयीग हे जुनं ग्रंथालय, फान छिन या अधिकाऱ्यानं १५६१ ते १५६६ च्या दरम्यान बांधलेलं. तिथे शत्रू आग. समोर तळं खोदलंय. वरचा मजला एकसलग आणि खाली सहा दालनं, कारण चिनी परंपरेत एक आणि सहा हे आकडे पाण्याशी जोडलेले आहेत. नावातही तोच संकेत, 'यी' म्हणजे एक. थायलंडमध्ये उबोन रात्चथानीच्या वात थुंग सी मुआंग मठातलं 'होत्राय', म्हणजे पोथीघर, तळ्यात लाकडी खांबांवर उभं आहे. तिथे शत्रू वाळवी आणि मुंग्या. हेइन्सात शत्रू ओल. म्हणून पुढच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, मागच्या भिंतीत नेमकं उलटं. वारा आत शिरतो, फिरतो आणि बाहेर पडतो. मातीच्या जमिनीत कोळसा, मीठ आणि चुना घातलाय. पंधराव्या शतकातली ही इमारत आजही पंख्याशिवाय ठसे कोरडे ठेवते. गजांतून डोकावताना आधी खिडक्यांची मापं बघा, ठसे नंतर.

निघताना

जपानी ग्रंथालयातल्या लॉकरमध्ये बहुधा शंभर येनचं नाणं घालावं लागतं आणि किल्ली फिरवली की ते परत खाली पडतं. बॅग उचलून तसेच चालू लागू नका, नाणं घ्या.