मुंबई-नेवार्क: तास घरापासून मोजा

न्यू जर्सीत नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो की इंडिया किती तास, आणि सोळा म्हटलं की त्याला हायसं वाटतं. अहो, सोळा तास फक्त विमानाचे, तेही थेट असेल तर. मुंबई ते नेवार्क, म्हणजे इथला न्यू जर्सीचा विमानतळ, अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. इकडे येताना समोरून वारा असतो म्हणून सोळाच्या आसपास, परत जाताना तोच वारा पाठीशी, म्हणून तास-दीड तास कमी. पण पुण्याहून निघणार असाल तर सहारपर्यंत, म्हणजे मुंबईच्या विमानतळापर्यंत, चार तास धरा, तिथे तीन तास आधी, मग इथे इमिग्रेशनची रांग, सामान, घर. पंचवीस-सव्वीस तास झाले की नाही? रात्री एकला निघून त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरलात तर घड्याळावर जाऊ नका, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो आणि हिवाळ्यात साडेदहा.

आता महत्त्वाचं. दोन वेगवेगळी तिकिटं काढून मधे विमान बदलू नका. नका म्हणजे नका. आपली माणसं पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भेटली की कोणी किती स्वस्तात तिकीट मारलं हेच चालू असतं, मीही तेच ऐकून काढलं होतं. बाबांचं ऑपरेशन होतं, 180 डॉलर वाचतायत म्हणून नेवार्क-दुबई एका कंपनीचं, दुबई-मुंबई दुसऱ्या. इथे बर्फ पडला, पहिलं विमान चार तास लेट, दुबईत काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, नावापुढे नो-शो, म्हणजे प्रवासी आलाच नाही. एकाच तिकिटावर असतं तर पुढच्या विमानात बसवणं त्यांची जबाबदारी होती, वेगवेगळ्या तिकिटांवर कोणाचीच नाही. 640 डॉलर भरून नवीन तिकीट घेतलं आणि पोचलो तोवर बाबांना आत नेऊन आठ तास झाले होते. आत जाण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं म्हणे, आला का तो. पैशाचं सोडा, ते अजून टोचतं.

अमेरिकेतच पुढे जायचं असेल तर पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि बॅगवर शेवटच्या शहराचा टॅग असला तरी ती सहसा पट्ट्यावरून स्वतः उचलून परत द्यावी लागते, दोन विमानांमधला दीड तासाचा वेळ (लेओव्हर) पुरत नाही. खायचं काय आणलंय ते कस्टम्सच्या फॉर्मवर किंवा विचारल्यावर खरं सांगा.

इथे रजा मोजून मिळते, त्यामुळे दहा दिवसांच्या ट्रिपमधले तीन प्रवासात जातात हे धरूनच बुकिंग करा.

आई-बाबांना बोलावणार असाल तर बुकिंगच्या वेळीच व्हीलचेअर मागा. त्यांना ती पायांसाठी लागत नसेल, पण ढकलणारा माणूस रांगेतून थेट बाहेर आणून सोडतो, इंग्रजीची धास्ती राहत नाही. लोक काय म्हणतील म्हणून नको म्हणणारे आई-बाबा मी बरेच बघितलेत, त्यांना समजावा. गोळ्या हँडबॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि तुमचा पत्ता, फोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, इथे उतरल्यावर तिच्या फोनला बहुतेक वेळा रेंज नसते.