अनुग्रह घेण्यापूर्वी गुरूची पारख कशी करावी

आषाढी पौर्णिमा, म्हणजेच व्यासपौर्णिमा, आपल्या विदर्भात ऐन निंदण-डवरणीच्या दिवसांत येते आणि अनेक ठिकाणी त्याच दिवशी अनुग्रह, म्हणजे गुरूकडून मिळणारी दीक्षा, दिला जातो. अनुग्रह त्या दिवशी घ्यावा, परंतु कोणाकडून घ्यायचा हे त्या दिवशीच्या गर्दीत ठरवू नये. त्यासाठी आदल्या उन्हाळ्यातला, शेतीची कामे हलकी असतानाचा वेळ राखून ठेवावा.

सर्वप्रथम आपल्याला गुरू कशासाठी हवा आहे, याचे उत्तर स्वतःला द्यावे. दुखणे असेल तर दवाखाना आहे, कर्ज थकले असेल तर बँकेशी बोलणी करावी लागतात, आणि बोंडअळीचा बंदोबस्त कोणत्याही मंत्राने होत नाही. गुरूचे काम निराळे आहे: अज्ञान दूर करणे, साधना लावून देणे आणि ती चालू आहे की नाही यावर लक्ष ठेवणे. नापिकीच्या वर्षी, मन खचलेले असताना केलेला गुरू बहुधा घाईतच केलेला असतो.

मुंडकोपनिषदाने गुरूची दोन लक्षणे सांगितली आहेत: तो श्रोत्रिय, म्हणजे शास्त्र जाणणारा, आणि ब्रह्मनिष्ठ असावा. पहिले लक्षण तपासणे सोपे आहे. सप्ताहातील त्यांची प्रवचने सलग ऐकावीत आणि नंतर एखाद्या ओवीचा अर्थ नम्रपणे विचारावा. दुसरे लक्षण बाहेरून दिसत नाही, म्हणून आचरणावरून अंदाज बांधावा लागतो. व्यासपीठावरील बोलण्यापेक्षा पंगतीत वाढणाऱ्यांशी, गाडीच्या चालकाशी आणि कोपऱ्यात बसलेल्या मजुराशी ते कसे बोलतात, हे पाहावे. जमल्यास त्यांच्या मूळ गावी जाऊन चौकशी करावी, कारण गावाला माणूस पुरता ठाऊक असतो.

प्रश्न विचारल्याने अपमान होतो, ही समजूत आधी सोडावी. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्यासाठी प्रणिपात, म्हणजे नम्र नमस्कार, आणि सेवा यांच्याबरोबर परिप्रश्न, म्हणजे खोलवर प्रश्न विचारणे, हेही सांगितले आहे. तेव्हा आपली परंपरा कोणती, रोज काय करावे लागेल आणि कोणते नियम पाळावे लागतील, हे स्पष्ट विचारावे. वारकरी माळ घातली की मांस व मद्य सुटते आणि एकादशी धरावी लागते. महानुभाव पंथाचा उपदेश घेतला तर अन्य देवतांची पूजा सोडावी लागते आणि घरच्या कुळाचाराचा प्रश्न उभा राहतो. यासाठी निर्णयापूर्वी घरच्यांशी, विशेषतः पती किंवा पत्नीशी, मोकळेपणाने बोलावे.

चमत्काराने भारावून जाऊ नये. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात याविषयी कडक शब्द वापरले आहेत: शिष्याला साधनेस न लावणारे आणि इंद्रियांवर ताबा ठेवायला न शिकवणारे गुरू एका आडक्याला, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्याला, तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, असे ते म्हणतात. कोणी औषधोपचार बंद करायला, घरच्यांपासून गोष्ट लपवायला किंवा बाईमाणसाला एकटीला भेटायला सांगत असेल, तर तेथून तत्काळ उठावे. चमत्काराचा देखावा करून फसवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तक्रार पोलीस ठाण्यात देता येते.

मनासारखा गुरू भेटला नाही, तर वाट पाहावी. बालपणीच दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांनी, शतके आधी समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांनाच गुरू मानले. भागवतातील अवधूताने पृथ्वी, वायू, मधमाशी असे चोवीस गुरू केले. गाडगेबाबांनी तर कोणाला पायाही पडू दिले नाही, तरी त्यांच्या कीर्तनातून वऱ्हाडाने स्वच्छता आणि शिक्षणाचे महत्त्व शिकून घेतले. तोवर रोजचा हरिपाठ किंवा मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी गावोगावी पोहोचवलेली सामुदायिक प्रार्थना चालू ठेवता येते. त्यासाठी कोणाचा अनुग्रह लागत नाही.

निर्णय पक्का झाला की दक्षिणेचाही विचार आधीच करावा. उपनिषदातला शिष्य हातात समिधा घेऊन गुरूकडे जातो. आपण नारळ, फळे आणि ऐपतीप्रमाणे रक्कम न्यावी. बियाण्याचे पैसे मोडून किंवा व्याजाने काढून देऊ नये, आणि आकडा समोरून ठरवला जात असेल तर नारळ घेऊन सरळ घरी परतावे.